डॉल्फिनमध्ये शॉर्टकट बदलण्यापूर्वी

डॉल्फिन या, लिनक्सवरील केडीई डेस्कटॉपच्या फाइल हाताळणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज मेनूतून कीबोर्ड शॉर्टकटची खिडकी उघडल्यावर समोर येणारी लांबलचक यादी पाहून सगळेच बदलण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. आधी काही दिवस नेहमीसारखे काम करून, हात पुन्हा पुन्हा माउसकडे कशासाठी जातो एवढेच टिपून ठेवावे. बहुधा तीन-चार कृतीच निघतात आणि त्यांच्यापुरताच बदल करावा.

कोणतेही एकटे अक्षर शॉर्टकट म्हणून देऊ नये. फाइलींच्या यादीत अक्षर टाइप केले की त्या अक्षराने सुरू होणाऱ्या फाइलवर निवड जाते, आणि ही अत्यंत उपयुक्त सोय त्या अक्षरापुरती हातची जाते. कंट्रोल किंवा आल्टची जोड द्यावी. निवडलेली जोडी आधीच दुसऱ्या कृतीकडे असेल तर डॉल्फिन तसे सांगतो. तो इशारा न वाचता पुढे गेल्यास जुन्या कृतीचा शॉर्टकट निघून जातो.

सर्वाधिक काळजी शिफ्ट आणि डिलीट या जोडीची घ्यावी, कारण ती फाइल कचरापेटीत न टाकता कायमची काढते. ही कृती सोप्या, एका बोटाच्या कळीवर आणणे मला मुळीच मान्य नाही. याउलट एफ३ने खिडकी दुभंगून दोन फोल्डर शेजारी-शेजारी ठेवत असाल, तर निवडलेल्या फाइली पलीकडच्या भागात पाठवणारी कृती जवळच्या कळींवर जरूर आणावी. दररोजच्या कामात सर्वांत मोठा फरक तिथेच जाणवतो.

बदल मनासारखे जमले की ती मांडणी योजना म्हणून निर्यात करून ठेवावी.