वाट्याची गाय आणि कच्चे दूध

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत कच्चे, म्हणजे पाश्चराइज न केलेले दूध विकता येत नाही. गाईत किंवा कळपात वाटा विकत घेतला, तर मात्र काही राज्यांत स्वतःच्या गाईचे दूध म्हणून ते घरी नेता येते. तिथे याला ‘हर्डशेअर’ किंवा ‘काउशेअर’ म्हणतात. तिथल्या मराठी वाचकांचे आणि पुण्यातल्या एका वाचकाचे याबद्दलचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न (शार्लट, नॉर्थ कॅरोलायना): इथला एक शेतकरी कळपात वाटा देतो आहे. एकदा पैसे भरून सही करायची, मग दर आठवड्याला एक गॅलन (सुमारे 3.8 लिटर) दूध. हे कायदेशीर आहे की नुसती पळवाट?

तुमच्या राज्यात कायदेशीर आहे. 2018 च्या ‘फार्म अ‍ॅक्ट’ने दुभत्या जनावराच्या पूर्ण किंवा अंशतः मालकाला घरच्या वापरासाठी कच्चे दूध घेण्याची मुभा दिली. माणसांनी पिण्यासाठी ते विकायला मात्र तिथे बंदी आहे. टेनेसीने हेच 2009 मध्ये केले. तिथला कायदा फक्त गाईपुरता नाही, खुरे असलेल्या कुठल्याही सस्तन प्राण्याला लागू होतो, म्हणजे शेळीही त्यात आली. वेस्ट व्हर्जिनियाने 2016 मध्ये परवानगी दिली, पण करार राज्याच्या कृषी आयुक्तांकडे नोंदवण्याची अट घालून.

यामागचा विचार आपल्याला नवा नाही. गावाकडे शेळी अर्धलीने, म्हणजे निम्म्या वाट्याने, देतात तेव्हा सांभाळणारा वेगळा असतो, तरी मालकी संपत नाही. इथे मालक दहा-वीस जण असतात आणि सांभाळण्याचे पैसे शेतकऱ्याला रोख देतात, एवढाच फरक. बंदी विक्रीला आहे, आणि स्वतःच्या गाईची धार काढून दूध घरी नेणे ही विक्री नव्हे.

म्हणूनच मालकी खरी असायला हवी. कागद दोन लागतात: वाट्याचे विक्रीपत्र आणि जनावर सांभाळण्याचा करार. दुसऱ्या कागदात दर गॅलनवर लावलेला दिसला तर सही करू नका. ‘एक गॅलन, अमुक डॉलर’ असे लिहिले की ती विक्रीच झाली, वर मथळा काहीही असो. रक्कम महिन्याला ठरलेली हवी, चारा, मजुरी आणि औषधपाण्यासाठी, आणि दूध कमी आले तरी ती द्यायची असते. मालक म्हटले की तोट्यातही वाटा आला.

एकाच गाईत वाटा घेण्यापेक्षा कळपात घ्यावा. विण्याआधी गाय साधारण 60 दिवस आटवावी लागते. गाय एकच असेल तर दोन महिने दूध बंद आणि खर्च चालू. वाटे जास्त विकलेले नाहीत ना, याचा हिशेब मागा. समजा एक जर्सी गाय रोज 15 लिटर देते. आठवड्याला 105 लिटर झाले, म्हणजे सुमारे 27.7 गॅलन. त्यातून वासराचे दूध वजा करायचे, उन्हाळ्यात किंवा आजारपणात होणारी घट धरायची. मग अशा गाईवर आठवड्याला एक गॅलनचे 18-20 वाटे पुरे. 27 वाटे विकले असतील, तर पहिल्याच कासदाहाला (कास सुजण्याच्या रोगाला) भांडण ठरलेले.

करारात आणखी चार गोष्टी स्पष्ट करून घ्या. वासरू कोणाचे, गाय मेली किंवा विकली तर वाट्याचे काय, सोडून जाताना वाटा परत कोण आणि कितीला घेणार, आणि तपासणीचे कागद कधीही पाहता येतील का. या शेवटच्या मुद्द्यावर टाळाटाळ झाली तर दुसरा शेतकरी शोधा.

प्रश्न (डेन्व्हर, कोलोराडो): आमच्या शेतकऱ्याने तपासणीचा अहवाल दिला, पण त्यातले आकडे कळत नाहीत. शेतावर गेल्यावर काय पाहायचे?

अहवाल मिळाला हे बरोबरच झाले. कोलोराडोच्या 2005 च्या कायद्यानुसार शेताची राज्याकडे नोंदणी लागते, आणि कळपाच्या आरोग्यासाठी काय पाळले जाते याची माहिती, केलेल्या तपासण्यांचे निकाल व त्यांचा अर्थ वाटेकऱ्याला द्यावा लागतो. दुधावर ते पाश्चराइज केलेले नसल्याचा इशारा हवा. ते दूध तुम्ही पुढे विकू शकत नाही.

आता आकडे. एकूण जीवाणूंचा आकडा आणि ‘कॉलिफॉर्म’ (शेणातून, घाणीतून येणारे जीवाणू) हे दोन आधी पाहा. पाश्चरायझेशनसाठी जाणाऱ्या ‘ग्रेड ए’ दुधाला तिथे एकेका शेतकऱ्याच्या दुधात मिलिलिटरला 1,00,000 पर्यंत एकूण जीवाणू चालतात. कच्चे प्यायच्या दुधाला हे माप लावणे चूक आहे. कॅलिफोर्नियात दुकानात विकल्या जाणाऱ्या कच्च्या दुधाची मर्यादा मिलिलिटरला 15,000 एकूण जीवाणू आणि 10 कॉलिफॉर्म अशी आहे. तुमच्या राज्याने काहीही ठरवले असो, तुम्ही निदान याच मापाने मोजा.

दोन्ही आकडे वाढले असतील तर भांडी धुण्यात किंवा दूध गार करण्यात ढिलाई आहे. कॉलिफॉर्म एकटे वाढले तर बहुतेक शेण: सड नीट पुसलेले नाहीत, किंवा धारयंत्राचा पेला खाली पडून तसाच पुन्हा लावला. दुधातल्या पेशींचा (‘सोमॅटिक सेल’) आकडा वाढला तर कास पाहा, कासदाह सुरू झालेला असतो. प्रयोगशाळेत दूध तापवूनही बरेच जीवाणू उरत असतील, तर यंत्राच्या नळ्यांत पांढरा खरखरीत थर बसला आहे. तो नुसत्या साबणाने निघत नाही, आम्लाने धुवावा लागतो.

आणि नीट लक्षात ठेवा: हे आकडे स्वच्छतेचे आहेत. कॉलिफॉर्म शून्य आले म्हणजे ‘ई. कोलाय O157’ नाही, असा अर्थ होत नाही. तो जंतू धडधाकट गाईच्या आतड्यात असतो, गाईला काही होत नाही, आणि शेणातून तो अधूनमधून बाहेर पडतो. सोमवारचे दूध निर्मळ निघाले म्हणून गुरुवारच्या दुधाची हमी मिळत नाही.

शेतावर जायचे तर धारेच्या वेळी जा, दुपारी गोठा पाहून काही कळत नाही. प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा जाळीच्या वाटीत काढल्या पाहिजेत, गुठळी किंवा पाणीदारपणा तिथेच दिसतो. मग सड आयोडीनच्या द्रावणात बुडवून निदान 30 सेकंद थांबायचे आणि प्रत्येक गाईला वेगळ्या कोरड्या फडक्याने पुसायचे. एकच ओले फडके दहा गाईंना फिरताना दिसले, तर बाकी काही पाहायची गरज नाही. धार झाली की सड पुन्हा बुडवायचे, कारण सडाचे तोंड बराच वेळ उघडे राहते. यंत्रातले सडावर बसणारे रबरी लाइनर किती धारांनंतर बदलता, तेही विचारा. साधारण 1,200 धारांनंतर रबराला सूक्ष्म भेगा पडतात आणि त्यांत जंतू घर करतात.

सगळ्यात जास्त चुका दूध गार करताना होतात. कोमट दुधाची चार लिटरची बरणी थेट फ्रिजमध्ये ठेवली तर ती गार व्हायला कित्येक तास लागतात, कारण हवा उष्णता हळू ओढते. बरणी गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवून अधूनमधून हलवली, तर दूध तासा-दीड तासात 4 अंश सेल्सिअसवर आणता येते. घरी आणतानाही बर्फ घातलेली पेटी हवी.

भांडी धुताना पहिले पाणी कोमट, सुमारे 40 अंशांचे असावे. एकदम कढत पाणी ओतले की दुधातली प्रथिने पोलादाला चिकटतात आणि मग कितीही घासले तरी जात नाहीत.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याकडून वाटा घेऊन दूध घरपोच मागवता येईल का?

घरपोच नको. माणसांच्या सेवनासाठी कच्चे दूध एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पुरवायला 1987 पासून संघराज्याची बंदी आहे, आणि वाट्याचा कागद असला तरी शेतकरी अडचणीत येतो. न्यू जर्सीत विक्रीला बंदी आहे आणि वाट्याला मान्यता देणारा कायदाही नाही. पेनसिल्व्हेनियात परवानाधारक शेतकरी कच्चे दूध थेट विकू शकतो. तिथे जाऊन स्वतःपुरते दूध आणणाऱ्या ग्राहकावर आपण कधी कारवाई केलेली नाही आणि तसा विचारही नाही, असे संघराज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने 2011 मध्ये जाहीर केले होते. पण आधी ठरवा, तुम्हाला कच्चे दूध हवे आहे की साय? घट्ट साय, विरजण आणि घरचे तूप एवढेच हवे असेल, तर दुकानात ‘नॉन-होमोजनाइज्ड’ किंवा ‘क्रीमलाइन’ असे लिहिलेले दूध शोधा. ते पाश्चराइज केलेले असते, पण त्यातली स्निग्धता फोडलेली नसते, त्यामुळे तापवून गार केले की जाड साय धरते. आमच्या मते निम्म्या घरांचा प्रश्न इथेच सुटतो.

प्रश्न (नॅशव्हिल, टेनेसी): आम्ही वाटेकरी आहोत. तापवले तर दुधातला गुण जातो, असे इतर वाटेकरी सांगतात. मुलगी तीन वर्षांची आहे. तिला कच्चे द्यावे का?

नाही, तिच्यासाठी तापवाच. 2018 मध्ये तुमच्याच राज्यात नॉक्स काउंटीत ‘ई. कोलाय O157’ने लहान मुले आजारी पडली, काहींच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला, आणि तपासाचा धागा वाट्याच्या कच्च्या दुधापर्यंत गेला. लहान मुलांत हा जंतू रक्तातल्या तांबड्या पेशी आणि मूत्रपिंड यांवरच घाला घालतो. रक्ती जुलाब, मग लघवी कमी होणे, चेहरा फिका पडणे, असे काही दिसले तर तडक रुग्णालय गाठा आणि कच्चे दूध घेतल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगा. गरोदर बाई, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनाही कच्चे देऊ नये. गरोदरपणात ‘लिस्टेरिया’ या जंतूने गर्भ दगावू शकतो.

तापवण्याने काही जीवनसत्त्वे थोडी घटतात. प्रथिने, कॅल्शियम आणि स्निग्धांश यांना धक्का लागत नाही. पाश्चरायझेशनला 63 अंशांवर 30 मिनिटे किंवा 72 अंशांवर 15 सेकंद पुरतात. घरी तळापासून ढवळत एक उकळी आणली की त्याहून जास्तच उष्णता मिळते. मार्च 2024 मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गाईंत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. तो कच्च्या दुधात भरपूर असतो, आणि असे दूध प्यायलेली गोठ्यातली मांजरे मेली. पाश्चरायझेशनने तो निकामी होतो. वाट्याने दूध घ्या आणि आपल्या आई-आजीसारखे आल्याबरोबर तापवा, त्यात गाईच्या मालकीला काही कमीपणा येत नाही.

प्रश्न (रॅली, नॉर्थ कॅरोलायना): खरवसासाठी चीक मागता येईल का?

येईल, पण करारात लिहून घ्या, कारण चिकावर पहिला हक्क वासराचा. जन्मल्यावर पहिल्या सहा तासांत त्याला तीन-चार लिटर चीक मिळायला हवा. त्याची सगळी रोगप्रतिकारशक्ती त्यातूनच येते आणि एका दिवसात आतड्याची ती शोषून घेण्याची ताकद संपते. पहिली धार मागूच नका, दुसऱ्या-तिसऱ्या धारेचा मागा. तो पातळ असतो, म्हणून त्यात साधे दूध कमी मिसळा. पहिल्या धारेच्या चिकाला दुप्पट दूध लागते, तिसऱ्या दिवशीचा जवळपास तसाच वाफवावा लागतो. आधी एक वाटी लावून पाहा. गाईला कासदाहाचे प्रतिजैविक दिले होते का, आणि गाय आटवताना सडात औषध भरले होते का, हे विचारल्याशिवाय तो चीक घरी आणू नका. वाफवल्याने जंतू मरतात, औषधाचा अंश राहू शकतो.

प्रश्न (पुणे): आम्ही पाच कुटुंबे मिळून मुळशीकडे एक गीर गाय घ्यायची म्हणतो. इथे असा कायदा लागतो का?

लागत नाही. आपल्याकडे कच्चे दूध विकायलाच बंदी नाही, त्यामुळे मालकीचा आडोसा घ्यायचे कारण नाही. साधा लेखी करार पुरे, पण तो हवाच. गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी क्रमांक त्यात घाला. विमा त्याच क्रमांकावर निघतो आणि गाय बदलली गेली तर कळते. घेण्याआधी ब्रुसेलोसिस आणि क्षयाची तपासणी करून घ्या. ब्रुसेलाची लस कालवडीला 4 ते 8 महिन्यांच्या वयात एकदाच देतात, मोठ्या गाईला नाही, म्हणून ती टोचलेली आहे का हे आधीच्या मालकाला विचारा.

एका गाईवर पाच घरे वर्षभर चालणार नाहीत. दोन गाई घ्या आणि त्यांची वेते चार-पाच महिन्यांच्या अंतराने येतील असे पाहा. आणि गोऱ्हा झाला तर काय, हे आजच ठरवा. महाराष्ट्रात 2015 पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, तेव्हा तो कोणीतरी पोसायचा आहे. त्याच्या वैरणीचा पाचवा हिस्सा प्रत्येकाने महिन्याला द्यायचा, असे कराराच्या पहिल्याच पानावर लिहा.