जरा लागले की काळेनिळे डाग का उठतात?

प्रश्न : माझे वय 44 आहे. टेबलाचा कोपरा लागला तरी माझ्या मांडीवर किंवा दंडावर काळानिळा डाग उठतो. पुष्कळदा कधी लागले तेही आठवत नाही. माझ्या जाऊबाई घरातील तीच कामे करतात, पण त्यांच्या अंगावर डाग दिसत नाहीत. सासूबाई 76 वर्षांच्या असून हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन घेतात. त्यांच्या हातांवर सतत जांभळे चट्टे असतात. आम्हा दोघींच्या रक्तात काही दोष असेल का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : मुका मार लागला की त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त साकळते. ते किती पसरेल हे रक्त गोठण्याच्या वेगावर जसे अवलंबून असते, तसेच त्या वाहिन्यांना भोवतालच्या कोलॅजनचा, म्हणजे त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचा, आधार किती आहे यावरही असते. स्त्रियांची त्वचा पुरुषांपेक्षा पातळ असल्यामुळे रक्त निर्दोष असूनही मांड्यांवर आणि दंडांवर डाग सहज उठतात. जाऊबाईंचा वर्ण सावळा असेल, तर त्यांना उठलेला डाग नजरेत येत नसण्याचीही शक्यता आहे.

सासूबाईंचे कारण बहुधा वेगळे आहे. वयाने आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने हातांवरील कोलॅजन झिजते, आणि मग बांगडी घासली तरी चट्टा उमटतो. त्यात अ‍ॅस्पिरिनची भर पडते : रक्त गोठायला मदत करणाऱ्या ज्या प्लेटलेटवर, म्हणजे रक्तातील बारीक कणिकेवर, तिचा परिणाम होतो, ती पुढे तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यात पूर्ववत होत नाही. मात्र चट्टे दिसतात म्हणून ही गोळी परस्पर बंद करू नये. हृदयाच्या रुग्णाला ते फार महागात पडू शकते.

तुम्ही स्वतः गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा नैराश्यासाठी काही औषध घेत असाल, तर डॉक्टरांना तसे सांगा. चेहरा उजळावा म्हणून चिठ्ठीशिवाय विकत आणलेल्या अनेक मलमांत स्टेरॉइड असते आणि ते जिथे लावावे तिथली त्वचा पातळ होते. ही मलमे इतक्या सहज मिळावीत, हे मला धोक्याचे वाटते.

रक्तातील दोषाचा संशय डागांच्या संख्येपेक्षा इतर खुणांवरून घ्यावा. पाळीत अतिशय रक्तस्राव होणे, दाढ काढल्यावर रक्त तासन्‌तास न थांबणे, वारंवार घोळणा फुटणे किंवा माहेरी कोणाला असाच त्रास असणे, यांपैकी काही आढळल्यास फॉन विलेब्रांड विकाराचा विचार करावा लागतो. फिनलंडच्या एका डॉक्टरांनी 1926 मध्ये वर्णन केलेला, रक्त नीट न गोठण्याचा हा आनुवंशिक विकार स्त्री-पुरुष दोघांनाही होतो. त्यात प्लेटलेटची संख्या (निरोगी व्यक्तीत दर मायक्रोलीटरला साधारण दीड ते साडेचार लाख) आणि रक्त गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्याही बिनचूक येऊ शकतात, म्हणून अहवाल चांगला आला तरी पाळीची तक्रार डॉक्टरांपासून लपवू नये.

मार न लागता पाठीवर किंवा पोटावर मोठे डाग येणे, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसणे, हिरड्यांतून रक्त येणे, किंवा यांच्या जोडीला ताप असणे, अशा वेळी त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. पावसाळ्यानंतर इंदुरात डेंग्यूचीही शंका घ्यावी लागते.

साध्या डागावर पहिल्या दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा. गरम तेलाने चोळण्याची आपल्याकडची सवय मात्र टाळावी, कारण त्याने फुटलेल्या वाहिनीतून रक्त अधिकच झिरपते. डाग पुढे हिरवट, मग पिवळट होत सुमारे दोन आठवड्यांत जातो.