वजन राहू दे, आधी साखर तपासून ये

ताई,
मी 31 वर्षांची आहे, बाळ सात महिन्यांचं झालं. गरोदरपणात माझं वजन 21 किलोंनी वाढलं, त्यातलं नऊच उतरलं. सातव्या महिन्यात साखर वाढलेली निघाली होती, बाळंतपणानंतर मात्र ‘आता नॉर्मल आहे’ असं सांगितलं. काही आठवड्यांनी पुन्हा तपासायला बोलावलं होतं. मी गेले नाही. गरोदर असताना दर भेटीत काट्यावर उभं करून सगळ्यांदेखत बोलणी बसायची. आता हे बारा किलो घेऊन त्या दारात पाऊल टाकवत नाही. सासूबाई म्हणतात, बाळंतपणात अंग सुटतंच, त्यात काय एवढं. नवरा ‘टेडी’ म्हणून हाक मारतो, मीही हसते. मैत्रीण वजन उतरवायची इंजेक्शनं सुचवते आहे. दोन महिन्यांनी कामावर रुजू व्हायचंय. इतकं वजन वाढू दिलं ही माझीच चूक ना? आणि ते झटपट कसं उतरवू?
– आरशाकडे पाठ केलेली

प्रिय मैत्रिणी,

तू विचारलंस वजनाबद्दल, पण मी अडकले ते ‘मी गेले नाही’ या तीन शब्दांवर. तेव्हा उत्तराची सुरुवात तिथूनच.

गरोदरपणात वारेतून जी हार्मोन्स रक्तात येतात त्यांच्यामुळे इन्शुलिनचा जोर कमी पडतो. बहुतेकींचं शरीर जास्त इन्शुलिन तयार करून ते भागवतं, काहींना ते झेपत नाही आणि साखर चढते. वार पडली की साखर बहुधा खाली येते. म्हणून तुला ‘नॉर्मल’ म्हणाले आणि ते खोटं नव्हतं. पण जिला गरोदरपणात मधुमेह झाला, तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतर आयांच्या सात ते दहा पट असते. बाळंतपणानंतर चार ते बारा आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून तपासणी करायची आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी साखर पाहत राहायची, असं सांगतात ते यासाठीच. तुझी पहिली वेळ टळली, बिघडलं काही नाही. आता बाळ सात महिन्यांचं असताना उपाशीपोटीची साखर किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) यावरूनही अंदाज येतो. कोणती तपासणी करायची ते डॉक्टर ठरवतील. याच आठवड्यात जा.

समजा साखर सीमारेषेवर निघाली, तरी हातपाय गाळू नकोस. अमेरिकेत मधुमेह रोखण्याबद्दल एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. सीमारेषेवरच्या ज्या स्त्रियांना पूर्वी गरोदरपणात मधुमेह होऊन गेला होता, त्यांच्यात खाणंपिणं आणि हालचाल सुधारल्यावर मधुमेहाचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं. त्या चाचणीत वजन सात टक्के उतरवण्याचं उद्दिष्ट होतं. तुझं वजन 75 किलो धरलं तर ते पाच किलोंच्या आसपास जातं. बारापैकी पाच. उरलेले सात राहिले तरी फायदा झालेला असेल.

आता चुकीबद्दल. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं 2009 मध्ये दिलेलं मार्गदर्शन पुष्कळ ठिकाणी वापरलं जातं. दिवस जाण्याआधी वजन प्रमाणात असेल तर गरोदरपणात साडेअकरा ते 16 किलो वाढ ठीक, आधीच थोडं जास्त असेल तर सात ते साडेअकरा, आणि लठ्ठपणा असेल तर पाच ते नऊ. बाळ, वार, गर्भजल, वाढलेलं गर्भाशय आणि जादा रक्त मिळूनच सात-आठ किलो होतात. पहिल्या तीन महिन्यांत जादा खाण्याची गरज जवळपास नसते. नंतर रोज साडेतीनशे ते साडेचारशे कॅलरी पुरतात, म्हणजे एखादं बेताचं खाणं. मला सांग, यातलं काय तुला तिसऱ्या महिन्यात कुणी बसवून समजावलं होतं? तुझं पत्र वाचून तरी वाटतं, की तुझं वजन केलं, त्यावरून बोललं गेलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. त्याला सल्ला म्हणत नाहीत.

वाढ प्रमाणाबाहेर झाली, हे खरंच आहे. तुझ्या समाधानासाठी मी ते नाकारणार नाही. लठ्ठपणात गरोदरपणातला मधुमेह, रक्तदाब, सिझेरियन, रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 2022 मध्ये जगातला दर आठांतला एक माणूस लठ्ठ होता. इतक्या जणांचा मनोनिग्रह एकाच काळात ढासळला असेल, हे मला पटत नाही. खाणं, काम, झोप, फिरायला जागा, हे सगळं बदललं आहे आणि बाई त्यातच गरोदर राहते. त्यात आरोग्यव्यवस्थेची एक जुनी खोड: पोटात बाळ असेपर्यंत आईच्या तपासण्यांची रांग लावायची आणि ते बाहेर आलं की आईला विसरायचं. बाळाची लस चुकली तर विचारणा होते, तुझी साखरेची तपासणी चुकली तर कुणी फोन केला? बाळाला लसीला नेशील त्याच दिवशी, त्याच ठिकाणी आईचीही साखर तपासली गेली तर किती जणी वाचतील! ते होईल तेव्हा होईल. तोवर ही आठवण तुलाच ठेवावी लागणार आहे, आणि हा तुझ्यावर अन्याय आहे हे मला मान्य आहे.

‘झटपट’ मात्र डोक्यातून काढून टाक. तू बाळाला अंगावर पाजत असशील तर आठवड्याला अर्धा किलो, त्याहून वेगानं नको; एवढ्या वेगानं उतरलं तर बाळाच्या वाढीवर परिणाम होत नाही, हे तपासलं गेलेलं आहे. दोन महिन्यांत फार तर चार किलो. तेवढ्यात जुने कपडे होणार नाहीत. कामावर जाण्यासाठी आजच्या मापाचे दोन नवे घे.

इंजेक्शनं आत्ता नकोत. अंगावर पाजताना ती टाळायलाच सांगतात आणि त्यातलं सेमाग्लुटाइड हे औषध तर दिवस राहण्याच्या निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं. पुढे कधी लागलीच तर तो विषय डॉक्टरांशी काढ. मैत्रिणीला तुझी काळजी असेल, पण तिला तुझी साखर ठाऊक नाही.

चालणं सुरू कर. आठवड्याला 150 मिनिटं असं सांगतात, पण दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात. पोटाचे व्यायाम घाईनं सुरू करू नकोस. गरोदरपणात पोटाचे मधले स्नायू एकमेकांपासून दूर होतात आणि काहींचे नंतरही तसेच राहतात. मग चरबी नसली तरी पोट पुढे दिसतं. ते फिजिओथेरपिस्टला दाखवून घे.

आणि झोप. बाळ सहा महिन्यांचं असताना दिवसाकाठी पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्या आयांचं वजन वर्षभरानंतरही जास्त उरलेलं आढळलं आहे. म्हणून रात्रीचं एक उठणं नवऱ्याकडे दे. टेडी म्हणण्यापेक्षा ते उपयोगाचं. त्या हाकेवर तू हसतेस म्हणून त्याला ती चालते असं वाटतंय. एकदा न हसता सांग, की मला हे आवडत नाही. सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्या तुला धीरच देताहेत, फक्त तपासणीच्या दिवशी बाळाला तासभर सांभाळाल का, असं विचार.

साखरेसोबत थायरॉईडही बघून घे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही जणींचा थायरॉईड मंदावतो. थकवा, उदासी आणि न उतरणारं वजन हे तिन्ही त्यात येतं. आरशाकडे पाठ केली आहेस ती नुसत्या वजनामुळे, की कशातच मन लागत नाही म्हणून? रडू येत असेल, बाळ झोपलं तरी तुला झोप लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांग. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नकोस, लगेच घरच्यांना सांग आणि दवाखाना गाठ.

दुसऱ्या मुलाबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते. स्वीडनमध्ये दीड लाख आयांच्या नोंदी तपासल्या, त्यात दोन गरोदरपणांमध्ये वजन चांगलंच वाढलेल्या स्त्रियांना दुसऱ्या वेळी गुंतागुंत जास्त झालेली दिसली. बाळंतपणानंतर निदान दोन वर्षं जाऊ द्यावीत असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. तेवढा वेळ तुझ्या हातात आहे.

राहिला तो दवाखान्याच्या दाराचा प्रश्न. शक्य असेल तर डॉक्टर बदल. नसेल तर आत गेल्या गेल्या सांग: ‘मला गरोदरपणात मधुमेह होता, साखर आणि थायरॉईड तपासायचं आहे.’ वजन करायला सांगितलंच तर आकड्याकडे पाठ करून उभी राहा आणि तो मोठ्यानं वाचू नका म्हण. तसं सांगायचा तुला हक्क आहे. रिपोर्ट आला की मला लिही. त्यात काय लिहिलंय ते बघून पुढचं ठरवू.

तुझी,
ताई