नवा ब्रेल नोटटेकर घ्यावा का? ठेव मोडण्याआधी फाइली तपासा

प्रश्न : मी दृष्टिहीन असून एका संस्थेत संपादन साहाय्यक म्हणून काम करते. माझा ब्रेल नोटटेकर, म्हणजे ब्रेल कळफलक आणि बोटांनी वाचायची ब्रेल ओळ असलेला छोटा संगणक, मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सीई या जुन्या प्रणालीवर चालणारा, बराच जुना आहे. टिपणे घ्यायला तो अजूनही उत्तम आहे. पण सहकारी पाठवतात त्या वर्ड फाइलींतील दुरुस्त्या आणि शेरे त्यावर कळत नाहीत, तक्ते विस्कटतात आणि पीडीएफ बहुतेक वेळा रिकामी दिसते. नव्या नोटटेकरची किंमत माझ्या पाच महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे आणि माझ्याजवळ सात महिन्यांच्या खर्चाइतकी मुदत ठेव आहे. ठेव मोडावी, की विक्रेता देऊ करतो त्याप्रमाणे १० टक्के सरसकट व्याजाने दोन वर्षांचे हप्ते घ्यावेत? यंत्र दहा वर्षे चालेल आणि सगळ्या फाइली उघडेल, असे तो सांगतो. माझ्याकडे लॅपटॉप असून त्यावर मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात किंवा ब्रेलमध्ये देणारी प्रणाली, वापरते. सोबत नोटटेकर आणि साधा ब्रेल डिस्प्ले (लॅपटॉपला जोडून त्यावरचा मजकूर ब्रेलमध्ये उमटवणारी ओळ), दोन्हींची दरपत्रके जोडत आहे.

उत्तर : पैसा कुठून आणावा, असे तुम्ही विचारले आहे. त्याचे उत्तर देईनच, पण त्याआधी हा पैसा नेमका कशावर खर्च होणार आहे ते पाहायला हवे, कारण तुमच्या पत्रातील एका वाक्याने माझे मत बरेचसे ठरवले. टिपणे घ्यायला जुने यंत्र अजूनही उत्तम आहे, असे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. म्हणजे लिहिणे, वाचणे, शोधणे ही नोटटेकरची मूळ कामे बिघडलेली नाहीत. इतरांच्या फाइलींची देवाणघेवाण तेवढी बिघडली आहे. त्या एका त्रुटीसाठी संपूर्ण यंत्र बदलायचे असेल, तर नवे यंत्र ती त्रुटी खरोखर दूर करते का आणि किती वर्षे दूर ठेवते, यावरच त्याची किंमत तोलली पाहिजे.

ही त्रुटी कोठून येते हे समजून घेतले, तर विक्रेत्याच्या आश्वासनाचे वजन करता येईल. वर्डची जुनी डॉक फाइल आणि २००७ पासून रूढ झालेली डॉकएक्स फाइल यांची रचना पूर्णपणे वेगळी आहे. डॉकएक्स म्हणजे अनेक लहान फाइलींचे दाबून बांधलेले गाठोडे असते : मुख्य मजकूर एका फाइलीत, तळटिपा दुसरीत, शेरे तिसरीत. सहकाऱ्याने खोडलेला मजकूर आणि त्याच्या जागी घातलेला नवा मजकूर हे दोन्ही मुख्य फाइलीतच राहतात आणि कोणता खोडलेला, कोणता नवा हे केवळ खुणांवरून कळते. नोटटेकरमधील लेखनप्रणाली त्या खुणा वाचत नसेल, तर दोन्ही मजकूर एकापुढे एक येतात किंवा त्यांपैकी एक गुपचूप गळून जातो. संपादनाचे काम करणाऱ्या व्यक्तीसाठी यातला दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण काही गळाले आहे याची शंकासुद्धा येत नाही. अशी फाइल नोटटेकरवर दुरुस्त करून पुन्हा साठवली, तर मूळ फाइलीतील तक्ते, तळटिपा आणि शेरे कायमचे निघून जाण्याचा धोकाही असतो. म्हणून ‘फाइल उघडते’ आणि ‘फाइल जशी होती तशी परत जाते’ या दोन स्वतंत्र कसोट्या आहेत. विक्रेते बहुधा पहिलीविषयी बोलतात. तुमच्या नोकरीला दुसरी लागते.

पीडीएफची अडचण वेगळी आहे. या स्वरूपात पानावर कोणते अक्षर कोठे बसवायचे हे नोंदलेले असते. वाचण्याचा क्रम, शीर्षके, तक्त्यांच्या ओळी आणि स्तंभ हे सांगणाऱ्या खुणा घालण्याची सोय २००१ पासून आहे आणि त्यासाठीचे सुलभतेचे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये आले, परंतु फाइल बनवणाऱ्याने त्या खुणा घातल्याच नाहीत तर कोणतेही यंत्र त्या अंदाजानेच भरून काढते. पानाचा फोटो काढून बनवलेल्या पीडीएफमध्ये तर मजकूर नसतोच, केवळ चित्र असते, आणि ते वाचायला अक्षर ओळखणारी प्रणाली लागते. तुम्हाला फाइल रिकामी दिसते त्याचे कारण बहुधा हेच असावे. अशा फाइलींसाठी नवा नोटटेकर घेऊनही लॅपटॉपकडे वळावे लागण्याची शक्यता मोठी आहे.

ब्रेलमधून छापील लिपीत येतानाही गळती होते, आणि तिचा विचार खरेदीच्या वेळी फारसा होत नाही. इंग्रजीच्या संक्षिप्त ब्रेलमध्ये, म्हणजे नेहमीचे शब्द आखूड करून लिहिण्याच्या पद्धतीत, बी हे अक्षर एकटे आले तर ते ‘बट’ असे वाचले जाते आणि सी एकटे आले तर ‘कॅन’. आद्याक्षरे, ईमेल पत्ते किंवा उत्पादनांचे संकेतांक संक्षिप्त ब्रेलमध्ये योग्य चिन्हांशिवाय लिहून फाइल वर्डमध्ये पाठवली, की सहकाऱ्याच्या हाती भलताच शब्द पडतो. तुम्ही एकाहून अधिक भाषांत काम करत असाल, तर प्रत्येक भाषेचे ब्रेल रूपांतर त्या यंत्रात कसे होते हे वेगळे तपासावे लागेल.

आता आयुष्याचा प्रश्न. यंत्र दहा वर्षे चालेल, हे विक्रेत्याचे म्हणणे खोटे असेलच असे नाही. तुमचे जुने यंत्र त्याचा पुरावाच आहे. पण त्याच पुराव्याची दुसरी बाजूही आहे. ज्या विंडोज सीई ६ प्रणालीवर त्या पिढीतील अनेक नोटटेकर चालत, तिला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार एप्रिल २०१८ मध्ये संपला, आणि यंत्रे मात्र चालू राहिली. पुढच्या पिढीने अँड्रॉइड स्वीकारले तेव्हा ही अडचण मिटेल असे वाटले होते. परंतु २०१६ मध्ये आलेल्या ब्रेलनोट टचमध्ये अँड्रॉइड ४.४ होते, म्हणजे २०१३ ची प्रणाली. २०१७ च्या ब्रेलसेन्स पोलारिसमध्ये अँड्रॉइड ५ होते, म्हणजे २०१४ ची. गूगलने २०२३ मध्ये अँड्रॉइड ४.४ साठीच्या आपल्या प्ले सेवा अद्ययावत करणे थांबवले. यात उत्पादकांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. ग्राहक थोडे असतात, ब्रेल कळफलक आणि ब्रेल ओळ यांच्याशी संपूर्ण प्रणाली जुळवायला वर्षे लागतात, आणि तोवर पायाभूत प्रणाली जुनी झालेली असते. पण खरेदीदाराच्या दृष्टीने अर्थ असा होतो, की यंत्राच्या उपयुक्त आयुष्यातील काही वर्षे विक्रीच्या दिवशीच वापरली गेलेली असतात.

तुमच्या दोन दरपत्रकांवरून मी केलेला हिशेब असा आहे. नोटटेकरची किंमत १०० धरली, तर पहिल्या वर्षानंतरचा देखभाल करार दरवर्षी ६ इतका येतो. दहा वर्षांचे आयुष्य धरून किमतीचा भार वर्षाला १० पडतो आणि तो आकडा सुसह्य वाटतो. पण इतरांच्या फाइली विश्वासाने हाताळण्याची त्याची क्षमता पाच वर्षे टिकेल असे मी सावधपणे धरतो, आणि पुनर्विक्रीचे मूल्य शून्य धरतो. मग १०० अधिक चार वर्षांचे २४, असे १२४ पाच वर्षांत विभागून वर्षाला जवळजवळ २५ पडतात. दुसऱ्या बाजूला, त्याच विक्रेत्याचा तितक्याच ब्रेल पेशींचा, म्हणजे एका वेळी तितकीच ब्रेल चिन्हे दाखवणारा, डिस्प्ले ४८ ला आहे आणि त्याची देखभाल वर्षाला ३ आहे. डिस्प्लेत जुनी होण्यासारखी प्रणाली फारच थोडी असते, फाइली उघडण्याचे काम लॅपटॉप आणि स्क्रीन रीडर करतात, म्हणून त्याचे आयुष्य आठ वर्षे धरायला मला संकोच वाटत नाही. त्याचे वर्षाला सुमारे ९ होतात. लॅपटॉप दर पाच वर्षांनी १६ ला बदलावा लागेल असे धरले तर आणखी ३ मिळवा. एकूण १२. नोटटेकरच्या वार्षिक भाराच्या निम्म्याहूनही हे कमी आहे.

या फरकाचे मूळ ब्रेल पेशींत आहे. प्रत्येक पेशीतील सहा किंवा आठ बिंदू वर-खाली करणाऱ्या पिझोइलेक्ट्रिक (वीज दिली की वाकणाऱ्या) पट्ट्या हा अशा यंत्रातील सर्वांत महाग आणि त्याच वेळी दीर्घकाळ टिकणारा भाग असतो. फाइली उघडणारी प्रणाली हा सर्वांत लवकर कालबाह्य होणारा भाग असतो. नोटटेकरमध्ये हे दोन्ही एकाच पेटीत बंद असतात, त्यामुळे दुसरा मागे पडला की पहिल्यासाठी मोजलेले पैसेही अडकून पडतात. माझ्या मते तुमच्या निर्णयाचा कणा हाच आहे : टिकणाऱ्या भागावर जास्त पैसा घाला आणि लवकर जुन्या होणाऱ्या भागावर कमी.

डिस्प्ले निवडताना तो २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ब्रेल एचआयडी या जोडणीच्या सामाईक मानकाला धरून आहे का, हे अवश्य विचारा. या मानकामुळे उत्पादकाच्या वेगळ्या जोडणी-प्रणालीवरचे अवलंबन कमी होते आणि तोच डिस्प्ले पुढच्या लॅपटॉपशी किंवा फोनशी जोडता येण्याची शाश्वती वाढते. एनव्हीडीएची नवी आवृत्ती हे मानक ओळखते आणि ती विनामूल्य आहे.

नोटटेकरची बाजूही मी तितक्याच गांभीर्याने मांडतो, कारण ती खरी आहे. बटण दाबताच तो सुरू होतो, मांडीवर राहतो, त्यावर बैठकीत शांतपणे वाचता-लिहिता येते आणि दोन यंत्रांची जोडणी मध्येच तुटण्याची चिंता नसते. ज्यांचे काम दिवसभर फिरतीचे आहे, ज्यांना बहिरेपणामुळे आवाजाचा आधार घेता येत नाही आणि एकाच सोप्या यंत्रावर सगळे हवे आहे, किंवा ज्यांचे गणिताचे लेखन त्या यंत्रातील सोयींवर चालते, त्यांना मी कदाचित वेगळा सल्ला दिला असता. तुमच्या बाबतीत मात्र ही सोय जुना नोटटेकर आजही देतो आहे. बैठकीतील टिपणे त्यावरच घेत राहा, ती साध्या मजकूर फाइलीत साठवून लॅपटॉपवर आणा, आणि दुरुस्त्या, शेरे, तक्ते यांचे काम तेथे करा. आधार संपलेल्या प्रणालीवर ईमेल किंवा बँकेचे व्यवहार मात्र करू नका. जुने यंत्र उद्या बंद पडले, तरी अनेक नव्या डिस्प्लेंमध्ये छोटी टिपणवही अंगभूत असते. तुमच्या दरपत्रकातील मॉडेलमध्ये ती आहे का ते पाहून घ्या.

इतके वाचूनही मन नोटटेकरकडेच ओढत असेल, तर विक्रेत्याच्या नमुना फाइलींवर विसंबू नका. गेल्या महिन्यात तुम्हाला प्रत्यक्ष आलेल्या फाइली घेऊन जा : खोडलेला मजकूर आणि शेरे असलेली एक, लांब तक्ता असलेली एक, तळटिपांची एक, स्कॅन केलेली पीडीएफ आणि एखादे आकडेपत्रक. प्रत्येक संपादनयोग्य फाइल यंत्रावर उघडा, एक वाक्य बदला, साठवा, आणि ती सहकाऱ्याला साध्या संगणकावर उघडून मूळ प्रतीशी ताडून पाहायला सांगा. प्रणालीची अद्यतने किती वर्षे मिळतील आणि ही चाचणी फसल्यास यंत्र परत घेतले जाईल का, हे दोन्ही लेखी घ्या. लेखी मिळत नसेल तर व्यवहार तेथेच थांबवा.

आता पैशाविषयी. ठेव मोडून नोटटेकर घेतला, तर हाती दोन महिन्यांचा खर्च उरेल, आणि त्याला मी संमती देणार नाही. तुमच्या कामाला लागणारे यंत्र बिघडले तर दुरुस्तीचा खर्च आणि कामातला खंड एकाच वेळी अंगावर येतात, म्हणून तुमचा आपत्कालीन निधी इतरांपेक्षा किंचित मोठाच असायला हवा. हप्त्यांचा पर्याय दिसतो तितका स्वस्त नाही. १० टक्के सरसकट व्याज म्हणजे कर्ज फिटत आले तरी मूळ संपूर्ण रकमेवर आकारलेले व्याज. दोन वर्षांच्या समान मासिक हप्त्यांत घटत्या शिल्लकीवर त्याचा खरा दर सुमारे १८ टक्के पडतो. ठेवीवर तुम्हाला इतके व्याज मिळत नाही हे उघड आहे.

डिस्प्लेची किंमत तुमच्या जवळजवळ अडीच महिन्यांच्या खर्चाइतकी येते. त्यापैकी एक महिन्याइतकी रक्कम ठेवीतून काढा, म्हणजे सहा महिन्यांचा निधी शाबूत राहील, आणि उरलेली दीड महिन्याइतकी रक्कम पुढच्या दहा महिन्यांत दरमहा खर्चाच्या १५ टक्के बाजूला टाकून उभी करा. तोवर जुना नोटटेकर आणि लॅपटॉपवरील आवाज यांवर काम निभावते आहे, असे पत्रावरून दिसते. त्याआधी संस्थेकडे लेखी विनंती करा, कारण दुरुस्त्यांसह फाइली वाचणे ही तुमच्या कामाची गरज आहे आणि त्यासाठीचे साधन देणे संस्थेकडून अपेक्षित धरणे रास्त आहे. संस्थेने डिस्प्ले दिला तर त्याची मालकी, विमा आणि नोकरी सोडताना तो परत करावा लागेल का, हे त्याच पत्रव्यवहारात स्पष्ट करून घ्या. तो परत करावा लागणार असेल, तर दरमहाची बचत थांबवू नका.