भाड्याच्या खोलीतून पालिकेचं मत, आणि घरमालकाची मुंडकारीची भीती

गोव्यातल्या डिचोलीहून एका वाचकाने विचारलंय. मूळ गाव सत्तरीत, पण बरीच वर्षं बायको-मुलांसकट डिचोली शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात, मुलं इथल्याच शाळेत. मतदार यादीत दोघांचीही नावं अजून गावात, आणि एसआयआरचे (मतदार यादीच्या विशेष फेरतपासणीचे) फॉर्म वडलांनीच सही करून गावच्या बीएलओकडे (यादीचं काम बघणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याकडे) दिले. पालिकेला मत द्यायचंय तर घरमालक म्हणतो माझ्या पत्त्यावर व्होटर कार्ड काढायचं नाही, उद्या मुंडकार (दुसऱ्याच्या जागेत घर करून राहणारा, ज्याला कायद्याने सहजी काढता येत नाही) म्हणून बसशील. ॲग्रीमेंट नाही, भाड्याची पावती नाही. इकडे वॉर्डातला एक पॅनलवाला, म्हणजे पालिकेला एकत्र उभ्या राहणाऱ्या उमेदवारांच्या गटातला माणूस, म्हणतो, टेन्शन नको, माझ्या काकांच्या घरावर तुमची नावं घालतो, गावची पण राहूदे. शिवाय बायकोला त्याच पॅनलमधून उभी करायचा विचार चाललाय.

भाऊ, आधी त्या काकांच्या घराचं बोलू, कारण तुमच्या पत्रात खरा धोका तोच आहे आणि तुम्ही तो मदत म्हणून लिहिलाय. काकांच्या घरात तुम्ही एक रात्रही झोपलेला नाहीत, तरी फॉर्मवर 'मी इथे राहतो' असं लिहून सही करणार तुम्हीच, पॅनलवाला नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ३१ नेमकं यासाठीच आहे, यादीच्या कामात खोटं आहे हे माहीत असून लिहून दिलंत तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि 'गावचं पण राहूदे' म्हणजे कलम १७ मोडलं, एका माणसाचं नाव एकापेक्षा जास्त मतदारसंघांत नोंदवता येत नाही. छोट्या शहरात वीस-पंचवीस मतांनी वॉर्ड हलतो, त्यामुळे समोरचं पॅनल यादी घेऊन घरोघरी फिरतं, कोण कुठे राहतो हे त्यांना बीएलओपेक्षा चांगलं ठाऊक असतं. तक्रार झाली की पॅनलवाला म्हणेल मला काय माहीत, सही त्यांची आहे.

आता मत कुठलं? कायदा 'सर्वसाधारणपणे राहतो' ती जागा बघतो, कलम २० मध्ये तर स्पष्टच आहे की एखाद्या ठिकाणी घर मालकीचं आहे एवढ्यावरून माणूस तिथे राहतो असं होत नाही. म्हणजे गावात वडलोपार्जित घर आहे, चवथीला आणि जत्रेला जाता, म्हणून मत गावात असा हिशेब नाही. उलट बाजूने, तात्पुरतं बाहेर गेल्याने नाव जातही नाही, पण तुमचं तात्पुरतं राहिलेलं नाही, चूल इथे आहे, पोरांची शाळा इथे आहे. तुमचं मत डिचोलीत. भाड्याची जागा असो की स्वतःची, यादीला काही फरक पडत नाही.

लोक इथे अडतात ते एका वेगळ्याच भीतीने, गावचं नाव काढलं तर घरावरचा हक्क जाईल, भाऊबंद एक-चौदातून (जमिनीच्या सरकारी उताऱ्यातून) नाव उडवतील. तसं काही होत नाही. जमिनीचा हक्क खरेदीखत, वारसा, इन्व्हेंटरी (वारसांमधली कोर्टातली वाटणी) यांतून येतो, एक-चौदाचा उतारा मतदार यादी बघून बनत नाही. सरकारी नोकरीसाठी लागणाऱ्या १५ वर्षांच्या रहिवासी दाखल्याचीही काळजी नको, तुम्ही सत्तरीतून डिचोलीत आलात, गोव्याबाहेर गेला नाहीत.

घरमालकाकडे येऊ. त्याची भीती अगदीच हवेतली नाही, मुंडकारीच्या केसीत कब्जा दाखवायला लोक जुन्या मतदार याद्या काढून आणतात हे खरंय. पण १९७५ च्या मुंडकार कायद्यात मुंडकार कोण हे सांगतानाच काही जणांना बाहेर ठेवलंय आणि त्यात पहिलाच येतो तो घराचं भाडं देणारा माणूस. तो कायदा भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने त्याच्या जागेत घर करून राहिलेल्यांसाठी आला, महिन्याला भाडं मोजणाऱ्या भाडेकरूसाठी नाही. म्हणजे तुमचा घरमालक पावती देत नाही, कागद करत नाही, आणि असं करून स्वतःचाच पुरावा फेकून देतोय! हे त्याला शांतपणे समजवा, भांडू नका. साध्या कागदावर लिहून द्या की मी अमुक महिन्यापासून महिना इतकं भाडं देऊन भाडेकरू म्हणून राहतो, मुंडकारीचा दावा नाही, दोघांनी सह्या करा. भाडं रोख देत असाल तर आजपासून यूपीआयने द्या आणि त्यात 'घरभाडं' असं लिहा. त्यालाही बरं, तुम्हालाही. रीतसर ॲग्रीमेंट करून रजिस्टर केलंत तर सगळ्यात उत्तम, पण तेवढं तो लगेच करणार नाही असं मला वाटतं.

तरी नाहीच म्हणाला तर? तर त्याच्याशिवाय करा. यादीत नाव घालायला घरमालकाची एनओसी लागते असं फॉर्ममध्ये कुठेच नाही, ही एनओसीची प्रथा लोकांनीच डोक्यात घेतलीय. पत्त्याचा पुरावा म्हणून लाइट-पाणी-गॅसचं बिल चालतं, आधार चालतं, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक चालतं, रजिस्टर केलेलं भाडेपत्र चालतं. लाइटचा मीटर मालकाच्या नावावर असणार म्हणून ते सोडा, पासबुकावर डिचोलीचा पत्ता चढवून घेणं त्यातल्या त्यात सोपं. आणि यातलं एकही नसेल तरी अर्ज बाद होत नाही, बीएलओने प्रत्यक्ष येऊन बघायचं असतं. तो येईल तेव्हा घरात कोणीतरी असा, शेजाऱ्यांना सांगून ठेवा, मुलांच्या शाळेचे कागद दाखवा.

फॉर्म कुठला ते नीट वाचा कारण इथेच बहुतेक जण घसरतात. तुमचं नाव आधीच यादीत आहे म्हणजे तुमचा फॉर्म ८, पत्ता बदलल्याचा. फॉर्म ६ नवीन मतदारासाठी. सायबर कॅफेवाले सवयीने ६ भरतात, त्यात 'माझं नाव दुसऱ्या कुठल्याही यादीत नाही' असं लिहून सही होते, आणि तुमच्या बाबतीत ते खोटं ठरतं, परत तेच कलम ३१. फॉर्म ८ मध्ये जुना एपिक (व्होटर कार्डाचा) नंबर घातला की नाव पर्ये किंवा वाळपई, जो तुमचा मतदारसंघ असेल तिथून डिचोलीत येतं आणि जुनी नोंद निघते, नंबर तोच राहतो. ऑनलाइन भरा नाहीतर बीएलओकडे द्या, पोच मात्र घ्या, काही कळलं नाही तर १९५० नंबरला फोन करा. वडलांनी एसआयआरच्या फॉर्मवर सह्या केल्या त्याने घाबरू नका, घरातल्या सज्ञान माणसाने सही केलेली चालत होती आणि तेव्हा तुमची नावं तिथेच होती. फक्त आता डिचोलीत वेगळा नवीन अर्ज करून दुसरी नोंद उभी करू नका.

घरमालक हरकत घेऊ शकतो, घेऊदे. सुनावणी लागली तर 'तो इथे राहतो का' एवढाच प्रश्न आहे, 'मालकाला आवडतं का' हा नाही. अर्ज फेटाळला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही नाही झालं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. पण हे सगळं निवडणूक जाहीर व्हायच्या आधी करायचं हं. पालिकेच्या वॉर्डवार याद्या विधानसभेच्या यादीवरूनच फोडल्या जातात, त्यामुळे तिकडे नाव नसेल तर पालिकेत ऐनवेळी कोणी घालून देत नाही, मग तो आमदाराचा माणूस असला तरी. वॉर्डवार ड्राफ्ट यादी लागली की स्वतः जाऊन बघा, रस्त्याच्या एका बाजूची घरं भलत्याच वॉर्डात गेलेली असतात, ते हरकतीच्या मुदतीतच दुरुस्त होतं.

वहिनींच्या उभं राहण्याबद्दल. वय २१ पूर्ण हवं आणि नाव पालिकेच्या यादीत हवं, म्हणजे त्यांचाही फॉर्म ८ आधी, तुमच्याबरोबरच. वॉर्डाचं आरक्षण अधिकृतपणे जाहीर होईपर्यंत पॅनलवाल्याच्या 'हा लेडीज वॉर्ड होणार' वर विसंबू नका, २०२१ ला मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच पालिकांचं आरक्षण हायकोर्टाने रद्द केलं, सुप्रीम कोर्टाने १२ मार्च २०२१ ला तो निकाल कायम ठेवला आणि तिथे मतदान बाकीच्यांच्या नंतर एप्रिलमध्ये झालं. वहिनी पालिकेत कंत्राटावर काम करत असतील किंवा तुमचं पालिकेशी काही कंत्राट असेल तर मला आधी कळवा, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. आणि एक विचारून घ्या, उभं राहायचंय ते वहिनींना की पॅनलला? कारण उमेदवारी अर्जावर आणि ॲफिडेव्हिटवर सही त्यांची असणार, चुकलं तर उत्तरही त्यांनाच द्यावं लागणार.

या आठवड्यात दोन्ही फॉर्म ८ भरा, आणि पॅनलवाल्याने तुमच्याकडून कुठे कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या असतील तर ते फॉर्म आजच परत मागा.