ताप गेला, थकवा राहिला: व्हायरस अजून अंगात बसलाय का?

या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, कारण न जाणाऱ्या थकव्याबद्दल बरीच पत्रं आलीत आणि सगळ्यांचा रोख एकच आहे, व्हायरस गेला की नाही.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी शाळेत शिक्षिका आहे, वय ३६. दोन वर्षांपूर्वी जोरात ताप आला, घसा सुजला, मानेत गाठी आल्या. ताप गेला पण थकवा गेलाच नाही. दोन तास घेतले की तिसऱ्या तासाला फळ्यावर काय लिहितेय तेच कळत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड सगळं नॉर्मल. आता ईबीव्हीची, म्हणजे एपस्टाइन-बार व्हायरसची, टेस्ट केली तर आयजीजी पॉझिटिव्ह आलं, आणि एका ठिकाणी सांगितलं की व्हायरस अजून अंगात आहे, सहा महिने अँटिव्हायरल गोळ्या घ्या. घेऊ का? (इचलकरंजी)

उत्तर: ताई, थेट सांगते, या रिपोर्टच्या जोरावर नका घेऊ.

आधी रिपोर्ट नीट बघू. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात तीन ओळी आहेत. आयजीएम आणि आयजीजी या शरीराने व्हायरसविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडी, आणि व्हीसीए, ईबीएनए ही व्हायरसच्या भागांची नावं. व्हीसीए आयजीएम निगेटिव्ह, म्हणजे लागण ताजी नाही. व्हीसीए आयजीजी पॉझिटिव्ह, ते एकदा लागण झाली की जन्मभर पॉझिटिव्हच राहतं. आणि ईबीएनए आयजीजी पॉझिटिव्ह, ते लागणीनंतर काही महिन्यांनी येतं. तिन्ही मिळून अर्थ इतकाच की कधीतरी ईबीव्ही होऊन गेलाय. जगात नव्वद टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांचा रिपोर्ट असाच येईल, माझाही येईल, आणि आपल्याकडे तर बहुतेकांना तो लहानपणीच होऊन जातो, कुणाला पत्ताही लागत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, व्हायरस अंगात आहे का. तर हो, आहे! पण तो सगळ्यांच्याच आहे. ईबीव्ही हा हर्पिसच्या खानदानातला, एकदा शिरला की रक्तातल्या बी पेशींमध्ये झोपून राहतो, अधूनमधून जागा होतो आणि शरीर त्याला परत दाबतं. शंका अशी आहे की काही लोकांमध्ये तो अर्धवट जागा होत राहतो, पूर्ण नवा व्हायरस तयार होत नाही पण त्याची काही प्रोटीन्स बाहेर पडतात आणि तेवढ्यानेच इम्युनिटी सिस्टिम कायम भडकलेली राहते. शंका रास्त आहे, तिच्यावर काम चालूय, पण तुमच्यात हेच घडतंय असं या आयजीजीवरून कुणालाच सांगता येणार नाही.

हा घोळ नवा नाही बरं का. १९८४-८५ मध्ये अमेरिकेत नेवाडा राज्यात लेक टाहोजवळच्या इन्क्लाइन व्हिलेजमध्ये एकामागोमाग एक लोक असेच आजारी पडले, तिथल्या दोन डॉक्टरांना, पॉल चेनी आणि डॅनियल पीटरसन यांना, ईबीव्हीचाच संशय आला. तेव्हा या आजाराला क्रॉनिक ईबीव्ही म्हणायचे. पण तपासण्या केल्यावर दिसलं की अँटिबॉडीवरून आजारी आणि धडधाकट माणूस वेगळा काढता येत नाही, म्हणून १९८८ मध्ये व्हायरसचं नाव काढून क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे न जाणाऱ्या थकव्याचा आजार, हे नाव ठेवलं. त्याच वर्षी असायक्लोव्हिर या अँटिव्हायरल औषधाची ट्रायल छापून आली. २४ जणांनी ती पूर्ण केली, औषधावर ११ जणांना बरं वाटलं आणि नुसत्या खोट्या औषधावर १० जणांना! वर तिघांच्या किडनीला त्रास झाला म्हणून त्यांना मध्येच थांबवावं लागलं. नंतर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे दुसरं अँटिव्हायरलही अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वापरून बघितलं, थोडी आशा दिसली पण ती ट्रायल ३० पेशंटची, तेवढ्यावर सहा महिने महागडं औषध द्यायला मी तरी धजणार नाही, त्याने रक्तातल्या पेशी कमी होतात.

तुमच्या त्रासाला कारण तो ताप असण्याची शक्यता मात्र भरपूर आहे. आग लावणारा आणि आग पेटती ठेवणारा एकच असेल असं नसतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

प्रश्न: मला चिकुनगुनिया झाला होता, सांधे आता ठीक आहेत पण अंगात जीवच नाही. हा थकवा पण त्यातलाच का? की ईबीव्हीलाच होतो? (पुणे)

उत्तर: ईबीव्हीची मक्तेदारी नाही. ऑस्ट्रेलियात डबो नावाचं गाव आहे, तिथे २५३ पेशंटना लागण झाल्यापासून पुढे तपासत राहिले, तो अभ्यास २००६ मध्ये आला. काहींना ईबीव्ही, काहींना क्यू फीव्हर, जो व्हायरस नाहीच, बॅक्टेरिया आहे, आणि काहींना रॉस रिव्हर व्हायरस, हा चिकुनगुनियाचा सख्खा चुलतभाऊ, तोही डासानेच पसरतो आणि सांधे धरतो. सहा महिन्यांनी साधारण ११ टक्के लोक क्रॉनिक फटीगच्या व्याख्येत बसले, आणि गंमत म्हणजे तिन्ही जंतूंमध्ये प्रमाण जवळपास सारखंच. कोण अडकणार हे जंतूवरून कळत नव्हतं, सुरुवातीचा आजार किती जोराचा होता त्यावरून कळत होतं. म्हणून मला वाटतं एकाच गुन्हेगार व्हायरसच्या मागे धावण्यात फार अर्थ नाही, शरीराने लढाई कशी दिली आणि ती थांबवली की नाही तिथे बघायला हवं.

तुम्हाला तेच झालंय का, ते मात्र असं पत्रावरून ठरत नाही. सहा महिने झालेत का, झोपून उठल्यावरही ताजंतवानं वाटत नाही का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, जरा जास्त काम झालं की लगेच नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस कोसळतो का, हे फिजिशियनला सांगा. बी-१२, शुगर, टीबी हे आधी बघून घ्या, आपल्याकडे यातलंच काहीतरी निघतं बऱ्याचदा.

प्रश्न: मॅडम, नेटवर वाचलं की या थकव्याच्या आजारामागे उंदराचा कुठलातरी व्हायरस सापडलाय. कोविडनंतरचा थकवा पण व्हायरस राहिल्यामुळे म्हणतात. खरं काय? (नाशिक)

उत्तर: उंदराचा तो एक्सएमआरव्ही. २००९ मध्ये सायन्स या मोठ्या जर्नलमध्ये आला, पेशंट लोक आनंदाने रडले होते की शेवटी कारण सापडलं. पण दुसऱ्या लॅबना तो सापडेना, आणि शेवटी कळलं की तो लॅबमध्येच तयार झालेला व्हायरस, नमुन्यांत भेसळ झाली होती. २०११ मध्ये पेपर मागे घेतला. नेटवरचं पान मात्र कुणी मागे घेत नाही.

कोविडचं प्रकरण जास्त भक्कम आहे, काही लोकांच्या आतड्याच्या टिश्यूमध्ये कित्येक महिन्यांनी व्हायरसचे अंश सापडलेत. असाच दावा २००७ मध्ये जॉन चिया या डॉक्टरांनी एंटेरोव्हायरस या दुसऱ्या एका व्हायरसच्या गटाबद्दल केला होता, पोटातल्या बायोप्सी तपासून. म्हणजे रक्तात काही नसलं तरी टिश्यूत लपलेलं असू शकतं, ही कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण अंश सापडणं वेगळं आणि त्यानेच आजार होणं वेगळं. स्टॅनफर्डने लाँग कोविडच्या, म्हणजे कोविडनंतर त्रास राहिलेल्या, १५५ लोकांवर पॅक्सलोव्हिड या कोविडच्या अँटिव्हायरल औषधाचा १५ दिवसांचा कोर्स करून बघितला, २०२४ मध्ये निकाल आला, फरक पडला नाही. कोर्स छोटा होता, असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं खोडता येत नाही.

प्रश्न: बायकोला क्रॉनिक फटीग सिंड्रोम हा आजार सांगितलाय. आई म्हणते नुसतं पडून राहिल्याने अंग जड होतं, रोज तासभर चालवून आण. मी नेतो, पण दोन दिवसांनी ती जास्तच आडवी होते. जबरदस्ती करू का? आणि घरात पोरांना लागण होईल का? (सातारा)

उत्तर: लागण होत नाही, एका ताटात जेवा. आणि जबरदस्ती अजिबात नको. दोन दिवसांनी आडवी होते हे जे तुम्ही लिहिलंय ना, तेच या आजाराचं मुख्य लक्षण आहे, आळशी माणसाला असं होत नाही, हे आईंना वाचून दाखवा. आईंचा तरी काय दोष, डॉक्टरच इतकी वर्षं दर आठवड्याला व्यायाम वाढवा म्हणून सांगायचे, इंग्लंडमध्ये ती अधिकृत ट्रीटमेंट होती, पेशंटनी आरडाओरडा केला आणि २०२१ मध्ये तिथल्या नाइस या उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने तो सल्ला काढून टाकला.

त्याऐवजी असं करा. पंधरा दिवस वहीत लिहा, काय केलं आणि पुढचे दोन दिवस कसे गेले. कितीवर ती कोसळते ते दिसेल, मग त्याच्या बरंच आत थांबायचं, बरं वाटत असेल त्या दिवशी सुद्धा, कारण नेमकं त्याच दिवशी राहिलेली सगळी कामं उरकायचा मोह होतो. भाजी बसून चिरायची, ओट्याशी उंच स्टूल ठेवा, अंघोळीला प्लास्टिकची खुर्ची, आणि अंघोळ न् केस धुणं एकाच दिवशी नको. उभं राहिलं की चक्कर किंवा धडधड होत असेल तर झोपून आणि मग दहा मिनिटं उभं करून, शेजारी थांबून, नाडी आणि बीपी मोजा आणि ते आकडे डॉक्टरांना दाखवा, त्यावर मात्र औषधं आहेत.