कंट्रीत जॅझ मिसळायचंय? आधी ‘स्टारडस्ट’ ऐक

कंट्री संगीत वाजवता वाजवता जॅझकडे वळायचं असेल, तर कंट्री गायक विली नेल्सनचा १९७८ सालचा ‘स्टारडस्ट’ हा अल्बम नीट ऐक. गाणी जुन्या अमेरिकन पॉपमधली, संयोजन मेम्फिसच्या सोल संगीतात मुरलेल्या बुकर टी. जोन्सचं. विलीची गिटार मात्र नायलॉन तारांची, मार्टिन कंपनीची एन-२०. पिकगार्ड (पिकच्या घासण्यापासून लाकूड वाचवणारी पट्टी) नसल्यामुळे घासून घासून तिच्या लाकडाला चक्क भोक पडलंय!

हेडफोन लावून ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ लाव. गाताना तो ठेक्याच्या किंचित मागे-पुढे राहतो. मधल्या जागांत गिटार दोन-चार सूर टाकते आणि गप्प बसते. आधी तेवढंच हातात बसव. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टही ऐक, विलीवर त्याचा फार प्रभाव आहे. अवघड कॉर्डच्या मागे इतक्यात लागू नकोस.